कॉरिडोरास मासे: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या डिसेंबरात आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी अडीच फुटी टँकमध्ये तीन ब्राँझ कॉरिडोरास आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे तळातली घाण खातात, यांना वेगळं खाणं लागत नाही." मी विश्वास ठेवला. तळाला आधीचेच रंगीत, टोकदार खडे होते. महिन्याभरात एक मासा गेला, आणि उरलेल्या दोघांच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले, तेव्हा मी नीट माहिती काढायला बसले.

हे मासे दक्षिण अमेरिकेतले. अन्न शोधतात ते मिशांनी, तळ चाचपत. खडे टोकदार असले आणि त्यात घाण साचलेली असली की मिशांना जखमा होतात, त्या कुजतात. म्हणून सगळे खडे काढले. बांधकामाची क्रश सँड घेऊ नका, तिला धार असते. मी नदीची बारीक, गोल कणांची वाळू आणली, पिठाच्या चाळणीतून चाळली आणि बादलीत दहा-बारा पाण्यांनी धुतली. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून बघितलं. फेस आला नाही, म्हणजे चुना नाही. मग दीड इंचाचा थर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसलं ते मी विसरणार नाही. मासा डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, आणि दोन्ही कल्ल्यांतून ती बारीक धुरासारखी बाहेर पडते. खड्यांवर त्यांना हे कधी करताच आलं नव्हतं. टँकवर खर्च करायचाच असेल तर आधी वाळूवर करा, दिवे आणि शोभेच्या वस्तू नंतर.

दुसरी चूक संख्येची. हे घोळक्यातले मासे आहेत. सहा झाल्यावर ते दिवसाढवळ्या हिंडू लागले; दोघंच होते तेव्हा पंपाच्या मागे लपून बसायचे. खाण्याला बुडणाऱ्या गोळ्या, दिवा मालवल्यावर, नाहीतर त्याच टँकमध्ये वर पोहणारे गप्पी मासे सगळं फस्त करतात. आणि कॉरिडोरास विष्ठा खात नाहीत, म्हणून सायफनने तळ मलाच साफ करावा लागतो. दर रविवारी पाव पाणी बदलते. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरिन (क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकल्याशिवाय ते टँकमध्ये जात नाही.

नाशिकचं हवामान मात्र दोन्ही टोकांचं. जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा हीटर २४ वर ठेवला. एप्रिलमध्ये उलट, टँकचं पाणी ३१ वर गेलं आणि मासे सारखे वर येऊन हवा गिळू लागले. एरवी ते अधूनमधून वर झेपावतात ते नैसर्गिक आहे, गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन ते आतड्यातून घेतात. पण सगळेच सारखे वर येऊ लागले तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे असं समजा. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला, पाणी २८ वर आलं. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मी रात्रंदिवस चालू ठेवते.

एकदा जाळीने पकडायला गेले, तर कल्ल्यामागच्या पराचा काटा जाळीत अडकला. सोडवताना तो बोटाला टोचला आणि बराच वेळ आग होत राहिली. तेव्हापासून प्लास्टिकच्या वाटीनेच धरते. आजारी मासा दिसला की मूठभर मीठ टाका असं बरेच जण सांगतात. या माशांना ते सोसत नाही, मी टाकत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात पाणी बदलताना जरा गार पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आईने हाक मारली, "अगं, काचेला साबुदाणा चिकटलाय बघ!" अंडी होती. मादी पोटाखालच्या परांमध्ये दोन-चार अंडी धरून काचेवर चिकटवत होती. मी ती बोटाने अलगद सरकवून वेगळ्या भांड्यात ठेवली. बरीच पांढरी पडून बुरशीने गेली, चौथ्या दिवशी सात फुटली, चार जगली. दीड सेंटिमीटरची झाल्यावर त्यांना टँकमध्ये सोडलं. त्या चौघांच्या मिशा लांब आणि अखंड आहेत. जुन्या दोघांच्याही परत वाढल्या, पण एकीची डावी मिशी अजून आखूडच आहे.