वर्षाचा साठा की महिन्याचं सामान?

अख्खं धान्य वर्षाचं एकदम भरायला हरकत नाही. पीठ मात्र महिन्याचंच आणावं. दळल्यावर दाण्यातलं तेल हवेच्या संपर्कात येतं आणि पीठ खवट होतं.

साठ्याचा खरा शत्रू म्हणजे ओल. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे; चेपला गेला तर धान्य पुन्हा वाळवा. सोंडकिडा अंडी दाण्याच्या आतच घालतो, त्यामुळे नुसतं चाळून ती जात नाहीत. ती मरावीत म्हणून जमेल तेवढं धान्य हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर 4 दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी गार असताना उघडू नका, दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं. 15 दिवसांपुरतं धान्य छोट्या डब्यात काढून घ्या, म्हणजे दमट दिवसांत मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही.

महिन्याच्या सामानात चूक होते ती जुन्यावर नवं ओतण्याची. तळाचं पीठ तिथंच राहतं आणि त्यातली कीड ताज्या पिठात चढते. डबा पूर्ण रिकामा करा, झाकणाच्या खाचेतलं पीठसुद्धा ब्रशने काढा, धुऊन खडखडीत वाळवा, मगच भरा. पाव डबा उरला की यादीत लिहा.

घरात कोरडी जागाच नसेल, तर महिन्याचं सामानच बरं.