जिममधली वाय-फाय स्पीकर सिस्टिम: आवाज झक्कास, पण कंट्रोल नक्की कोणाकडे?

स्पीकरचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सगळीकडे बेस असा आणि ट्रेबल तसा एवढंच सापडतं, पण एकच सिस्टिम पन्नास जण वापरणार असतील तर काय होतं हे कोणी सांगत नाही. आमच्या जिममध्ये चार स्पीकरवाली वाय-फाय सिस्टिम बसवलीये आणि सकाळच्या बॅचच्या गाण्यांचं खातं कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून हा रिव्ह्यू. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही दुखणी त्या एका कंपनीची नाहीत, या प्रकारच्या बहुतेक सिस्टिममध्ये थोड्याफार फरकाने हेच आहे.

आवाजाबद्दल पटकन सांगून टाकतो कारण तिथे तक्रार नाही. चार स्पीकर भिंतीवर उंच लावलेत, चारही मध्यम आवाजात चालतात आणि त्यामुळे ट्रेडमिलजवळ कान फुटतोय आणि स्क्वॉट रॅकजवळ काही ऐकूच येत नाही असं होत नाही. एकच मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवून बोंबलत ठेवण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कोपऱ्यात तर बेस नुसता घुमतो. एक सेटिंग मात्र आवर्जून बदला, स्टिरिओ बंद करून मोनो करा, म्हणजे चारही स्पीकरमधून सारखाच आवाज. जिममध्ये कोणी दोन स्पीकरच्या मधोमध सोफ्यावर बसलेलं नसतं, स्टिरिओ ठेवलं की डाव्या बाजूच्या माणसाला फक्त गिटार आणि उजव्याला फक्त कोरस असला प्रकार होतो. घाम आणि पाण्याच्या बाटल्या बघता आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल एवढं रेटिंग असलं तर बरं.

आधी आमच्याकडे साधा ब्लूटूथ स्पीकर होता आणि त्याचे हाल ज्यांनी भोगलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ब्लूटूथवर गाणं नाही, अख्खा फोन जोडला जातो. कोणीतरी बेंचवर जीव खाऊन शेवटचा रेप मारतोय आणि स्पीकरमधून मेसेजचा "टुंग", नाहीतर कोणीतरी ग्रुपवर आलेला व्हिडिओ उघडला की अख्ख्या जिमला शुभ सकाळ. फोन खिशात घालून मालक चेंजिंग रूममध्ये गेला की गाणं तुटायला लागतं, कारण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते सिग्नल खातं, त्यात मध्ये भिंत. मल्टिपॉइंट असलेला स्पीकर फार तर दोन फोन धरून ठेवतो, आणि तिसऱ्याला गाणं लावायचं असेल तर "कोणाचा फोन कनेक्ट आहे रे?" अशी आरोळी.

वाय-फायवर हे सगळं सुटतं, पण वेगळंच लफडं सुरू होतं. या सिस्टिम बनवल्यात घरासाठी, आणि घरात वाय-फायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो घरचा, असं त्यांनी धरलेलं असतं. आता जिममध्ये पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला! म्हणजे अ‍ॅप टाकलं की प्रत्येक जण मालक. गाणं बदला, एकत्र जोडलेल्या स्पीकरचा ग्रुप तोडा, आवाज वाढवा, विचारणारं कोणी नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच दोन पार्ट्या पडल्या, कार्डिओवाल्यांना फास्ट काहीतरी हवं आणि वेट्सवाल्यांना जड, आणि दोन्हीकडून अंगठे चालू. त्यात वाय-फाय सिस्टिम आधी थोडं गाणं साठवून मग वाजवतात, त्यामुळे बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदांनी परिणाम दिसतो. माणूस पॉज दाबतो, काही होत नाही म्हणून परत दाबतो, तेवढ्यात पॉज होऊन परत चालू, मग तिसऱ्यांदा, आणि शेजारचा पण मदतीला म्हणून स्वतःच्या फोनवरून दाबतोच. डोक्याला शॉट नुसता.

अजून एक गोष्ट जी विकणारा सांगत नाही. गाणं स्पीकरपर्यंत पोचायचे दोन मार्ग असतात. अ‍ॅपलच्या एअरप्लेसारख्या पद्धतीत गाणं तुमच्या फोनमधून जातं, म्हणजे तुम्ही फोन घेऊन निघालात की गाणं पण निघालं. गूगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट प्रकारात फोन फक्त रिमोट असतो, स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढतो. हे जिमसाठी बरं, कारण मधेच फोन आला तरी म्युझिक चालू राहतं, पण याचीच दुसरी बाजू अशी की स्पीकर शेवटच्या माणसाच्या अकाउंटला चिकटून राहतो. तो घरी जातो, आंघोळ करतो, स्वतःच्या इअरफोनवर ऐकायला म्हणून गाणं लावतो आणि ते वाजतं इकडे जिममध्ये. आमच्याकडे एकदा ऐन गर्दीच्या वेळी अंगाई लागली होती, कोणाच्या घरून ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे हसले, ट्रेनर सोडून. शिवाय कास्टमध्ये त्याच वाय-फायवरच्या बाकी अँड्रॉइड फोनवर पण पॉजचं नोटिफिकेशन येऊ शकतं, लोक ते नोटिफिकेशन साफ करायच्या नादात गाणं बंद करतात. हे सेटिंगमधून बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी करा.

तर मग उपाय काय. नेटवर वाचलं तर लोक म्हणतात मेंबरना गेस्ट वाय-फाय, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क दे, आणि खाली दुसरे रडतात की गेस्टवरून स्पीकर दिसतच नाही. अहो दिसत नाही हेच तर पाहिजे! फोन त्याच नेटवर्कवर हाक मारून स्पीकर शोधतो आणि ती हाक गेस्ट नेटवर्कमधून पलीकडे जात नाही, म्हणजे फुकटात कुलूप मिळालं. आता आमच्याकडे स्पीकर आणि डेस्कवरचा एक जुना टॅबलेट एवढेच स्टाफच्या नेटवर्कवर आहेत, त्याचा पासवर्ड फक्त ट्रेनरकडे, आणि मेंबरना गेस्ट. हे करताना मागचं दार पण लावा, बऱ्याच वाय-फाय स्पीकरना ब्लूटूथ पण असतं, ते बंद करा. आणि स्पीकरवरची टच बटणं अ‍ॅपमधून लॉक होत असतील तर तीही करा, उंच लावलेत म्हणून निर्धास्त राहू नका, बॉक्स जंपचा डबा घेऊन चढणारे महाभाग असतात.

कुलूप लावल्यावर अर्थातच दुसरी बोंब, आमचं कोणी ऐकतच नाही. यासाठी स्पॉटिफाय जॅमसारखी फीचर्स आहेत, २०२३ साली आलं ते, प्रीमियमवाला सुरू करतो, बाकीचे लिंकने किंवा कोड स्कॅन करून आत येतात आणि रांगेत गाणी टाकतात, ३२ जणांपर्यंत चालतं, नको ते गाणं होस्ट काढू शकतो. ऐकायला जिमसाठीच बनवल्यासारखं वाटतं. पण पर्सनल अकाउंट धंद्याच्या ठिकाणी वाजवणं त्यांच्या अटींमध्येच बसत नाही, आणि सार्वजनिक जागी गाणी वाजवायची तर परवाना लागतो तो वेगळा. म्हणून जिम मालकांनी धंद्यासाठीची म्युझिक सर्व्हिस घेतली आणि आम्ही फर्माईश घेतो ती चक्क व्हाइटबोर्डवर. डेस्कशेजारी बोर्ड आणि मार्कर, आल्यावर गाणं लिहायचं, एकाला एक, ट्रेनर सेट संपला की टॅबलेटवर टाकतो. सगळ्या अ‍ॅपपेक्षा हेच भारी चाललंय, कारण स्वतःच्या अक्षरात सगळ्यांसमोर लिहायचं म्हटलं की लोक जरा विचार करून लिहितात.

आवाजाच्या लिमिटबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर आमच्याकडे खरी भांडणं झाली. अमेरिकेतली निऑश ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. मेंबर तासभर येऊन जातो, त्याला ९० म्हणजे काहीच वाटत नाही, पण ट्रेनर तिथे दिवसभर उभा असतो. "दादा, जरा वाढवा ना" म्हणणाऱ्याला हे कोण सांगणार. फोनवरचं मीटर अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो, आम्ही डेस्कपाशी ८० च्या आसपास ठेवलाय. सिस्टिममध्ये मॅक्सिमम व्हॉल्यूमची मर्यादा घालता येते, मात्र आमच्या अ‍ॅपमध्ये ती प्रत्येक स्पीकरला वेगवेगळी घालावी लागते आणि तीन मेनू खाली लपवलीये. एका स्पीकरला घालायची राहिली की आवाज वाढवल्यावर तो एकटाच ओरडतो.

बारीकसारीक त्रास आहेतच. लाइट जाऊन आली की राउटर प्रत्येक स्पीकरला नवीन नेटवर्क पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) वाटतो आणि एखादा स्पीकर ग्रुपमधून गायब, राउटरमध्ये चौघांचे पत्ते फिक्स करून घेतल्यापासून ते थांबलं. अ‍ॅडमिन अकाउंट बसवायला आलेल्या माणसाच्या ईमेलवर उघडू देऊ नका, जिमच्या ईमेलवर करा, नाहीतर प्रत्येक सेटिंगसाठी त्याला फोन, आणि तो काय उचलत नाही. ऑटो अपडेट रात्रीची वेळ देऊन ठेवा.

आणि झुंबा किंवा स्पिनिंगच्या क्लाससाठी ही सिस्टिम वापरूच नका. आमच्या मॅडम "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणून प्ले करतात आणि गाणं येतं दोन सेकंदांनी, पब्लिक तोपर्यंत हात वर करून उभं. माइक त्यातून जोडायचा प्रयत्न केला तर तोंड हललं की नंतर आवाज. त्यांच्यासाठी वायरवाला वेगळा स्पीकर ठेवलाय आणि त्या खूश आहेत.

छोट्या स्टुडिओत, जिथे एकच ट्रेनर आणि मोजके मेंबर, तिथे एवढा खर्च करू नका, चांगला ब्लूटूथ स्पीकर आणि त्यासाठी एक वेगळा फोन बास आहे. मोठ्या जागेसाठी मात्र घ्या, फक्त घेताना दुकानात बेस ऐकत बसण्यापेक्षा विकणाऱ्याला दोन फोन स्पीकरच्याच वाय-फायवर जोडायला सांगा आणि विचारा की यातल्या एका फोनला फक्त गाणं सुचवता येईल, आवाजाला हात लावता येणार नाही असं करून दाखवा. आम्ही बघितलेल्या एकाही सिस्टिममध्ये हे सरळ जमलं नाही, एकतर पूर्ण मालक नाहीतर कोणीच नाही. म्हणून ५ पैकी ३ स्टार, कंपनीने अपडेटमध्ये एवढं एक बटण दिलं तर येऊन ४ करेन.