पुस्तक छापून देतो म्हणाले, 84,400 रुपये घेऊन बसले

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये दोन मुलगे वाढवले. बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येणारी क्रामझोर्खची (बाळ-बाळंतिणीची घरी काळजी घेणाऱ्या डच सेवेची) नर्स, चार वर्षांचा झाला की लगेच शाळेत जाणारा पोरगा, पावसात सायकलवर एक पुढे एक मागे, हे सगळं लिहून ठेवलं होतं. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाने परदेशातल्या पालकत्वावरच्या आठवणींची मालिका काढतोय म्हणून लेखन मागवलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी निवड, मग ‘लेखकाचा सहभाग’, मग हप्ते.

पहिला हप्ता 28,000. दुसरा 31,500. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, 6,500. ‘आंतरराष्ट्रीय वितरण’ 18,400. एकूण 84,400 रुपये. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो हो! दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. मला इथे हे कोण सांगणार होतं?

आता ज्याने झोप उडते ते सांगते. संपादक म्हणवणाऱ्या बाईंचा मेल आला: “तुमच्या किरणच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं प्रकरण वाचून रडले. किती धीराची मुलगी!” माझा किरण मुलगा आहे. मला वाटलं, नावामुळे गोंधळ झाला असेल, किरण मुलीचंही नाव असतं. पण मराठीत लिहिलंय ना मी? “किरण रडला, किरण दारात थांबला, किरण आत गेला.” एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं. त्यांनी एक ओळही वाचली नव्हती, आणि मी त्याच संध्याकाळी दुसरा हप्ता भरला. कारण गणेशोत्सवात सगळ्यांसमोर पुस्तक येतंय म्हणून सांगून बसले होते. शिवाय हे लोक फोनवर ‘ताई, ताई’ करतात. परदेशात बसून मराठीत कौतुक ऐकलं की शहाणी माणसंही विरघळतात, मला एकटीला हसू नका.

ठरल्या होत्या 300 प्रती. कोथरूडला भावाकडे 40 आल्या. मुखपृष्ठावर आयफेल टॉवर! मलपृष्ठावर ‘मेलबर्नच्या मातीत रुजलेलं आईपण’. आयएसबीएनचा शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून काढलेला असतो. आमच्या पुस्तकावरचा तो हिशोबच जुळत नाही. म्हणजे आकडे मनाने छापले. पावतीत 18 टक्के जीएसटी धरलाय, जीएसटी क्रमांक कुठेच नाही. जीएसटी मागतात आणि क्रमांक नसेल तर एक रुपया देऊ नका. असेल तर सरकारी साइटवर टाकून बघा कोणाच्या नावावर आहे.

भाऊ पोलिसांकडे गेला. “पुस्तकं मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.” दुसऱ्या खेपेला, तक्रारदार स्वतः हजर पाहिजे. मी काय 40 पुस्तकांसाठी विमानाने येऊ? सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, ओटीपी कोणी चोरला नाही. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं पत्र आणा. एका साहेबांनी तर भावाला विचारलं, “ताईंना पुस्तक कशाला काढायचं होतं?” साहेब, तो गुन्हा आहे का? वकिलाने नुसत्या नोटिशीचे 12,000 सांगितले.

शेवटी ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार केली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. फोनवर ते काही कबूल झाले तर लगेच तेच लिहून पाठवून उत्तर मागा. आणि लिखाण पाठवताना मधलं एखादं पान गाळून पाठवा, वाचणारा विचारेल.

सिंगापूर आणि अबू धाबीतल्या दोघीजणी सापडल्या आहेत, दोघींनाही तोच रडल्याचा मेल. सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. परवा सासूबाईंना त्याच नंबरवरून मेसेज आलाय: परदेशातल्या नातवंडांच्या आठवणी लिहा, ज्येष्ठांना सवलत, फक्त 22,000.