सिएम रीपमधील ‘अनाथ’ मुलांचे नृत्य आणि तांदळाचे पोते

अंकोरवाट पाहण्यासाठी कंबोडियातील सिएम रीपला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वाचावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

गावात पोहोचलो त्या संध्याकाळी मला आणि पत्नीला अप्सरा नृत्य पाहायचे होते. अंकोरच्या भिंतींवरील अप्सरांवरून राणी कोसमक यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हे नृत्य आजच्या रूपात घडवले आणि त्यांची नात, राजकन्या बोफा देवी, त्यातील पहिली प्रमुख अप्सरा झाली. पुढे १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाच्या राजवटीत बहुसंख्य कलावंतांचा बळी गेला, आणि वाचलेल्या मोजक्या गुरूंनी ही कला पुन्हा उभी केली. हे ठाऊक असल्यामुळे आमच्या मनात या नृत्याविषयी आदर होता, आणि त्याच आदरावर पुढचा सगळा व्यवहार बेतलेला होता.

हॉटेलबाहेरच्या टुकटुकवाल्याने अदबीने सांगितले की, जेवणासोबतच्या कार्यक्रमावर डॉलर खर्च करण्यापेक्षा जवळच्या अनाथाश्रमात चला. तिथली मुले रोज नाचतात आणि तिकीट नसते. पत्र्याच्या शेडखाली मुलांनी आधी करवंट्या वाजवत लोकनृत्य केले, मग अप्सरा नृत्य. सर्वांत लहान मुलीचा सोनेरी कागदाचा मुकुट सारखा कपाळावर घसरत होता. बोटे मागे वाकवून हात स्थिर धरायचा असताना ती एका हाताने तो सावरी आणि लगेच ध्वनिक्षेपकाजवळच्या माणसाकडे भेदरून पाही.

कार्यक्रमानंतर तोच माणूस संचालक म्हणून पुढे आला. “रोख पैसे नकोत, मुलांना तांदूळ द्या,” असे तो म्हणाला, आणि या एका वाक्याने विश्वास बसतो. टुकटुकवाल्याने ठरलेल्या दुकानात नेले, तिथे पन्नास किलोच्या पोत्याचे साठ डॉलर घेतले, पोते आश्रमात उतरवले आणि मुलांना त्याच्याभोवती उभे करून आमचे छायाचित्र काढले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना ते पोते, कोपऱ्यावर निळ्या सुतळीचे ठिगळ असलेले, दुकानाच्या थप्पीवर परत आलेले दिसले. बाजारात तसाच तांदूळ जवळजवळ निम्म्या भावाने मिळत होता.

पैसे गेल्याचे दुःख मोठे नाही; त्या मुलांचा जो वापर होतो, त्याचा संताप येतो. कंबोडियात अनाथाश्रमांसारख्या निवासी संस्थांची संख्या २००५ मध्ये १५४ होती, ती २०१० मध्ये २६९ झाली, आणि तिथे राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे सरकार आणि युनिसेफच्या पाहण्यांतून पुढे आले आहे. शिक्षणाच्या आशेने गरीब पालक मुलांना पाठवतात, आणि पाहुणे येत राहावेत म्हणून काही संस्था त्यांना दीनवाण्या अवस्थेतच ठेवतात. म्हणूनच ‘मुले म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे’ अशी मोहीम तिथे चालवली गेली.

नृत्य पाहायचे असेल, तर दर लिहिलेले तिकीट देणाऱ्या नाट्यगृहात किंवा उपाहारगृहात प्रौढ कलावंतांचा कार्यक्रम पाहावा. अनोळखी पाहुण्यांना मुलांमध्ये थेट सोडणाऱ्या संस्थेत पाऊल ठेवू नये. चालकाने सुचवलेल्या दुकानातून तांदूळ, वह्या किंवा दूध पावडर घेऊ नये. मदत करायचीच असेल, तर मुलांना त्यांच्या कुटुंबातच ठेवून शिकवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला पावती घेऊन द्यावी.