नदीच्या हिरव्या पाण्यासाठी घेतलेला सँड फिल्टर, वापरून बघितल्यावर लिहितोय

वेदगंगेच्या काठाला, अकोळ-सिदनाळ पट्ट्यात ज्यांचं रान आहे आणि उसाला ड्रिप केलंय त्यांच्यासाठी खास लिहितोय, पण दूधगंगा, कृष्णेकाठच्या लोकांनाही उपयोगी पडेल. निकाल आधीच सांगतो, सँड फिल्टर घ्याच. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर नदीचं पाणी आता भागत नाही, निदान मार्चपासून पाऊस लागेपर्यंत तरी नाहीच. बंधाऱ्यात पाणी अडवलं की प्रवाह थांबतो, वरनं ऊन, त्यात गावागावाचं सांडपाणी आणि आपल्याच रानातनं वाहून गेलेलं युरिया, 10:26:26 असलं खत, मग शेवाळाला अजून काय पाहिजे.

जाळीचा फिल्टर का पुरत नाही तर शेवाळ मऊ असतंय. एकतर जाळीला लिंपून बसतं नाहीतर प्रेशरनं दबून पलीकडं जातं. पुढं काळ्या नळीत उजेड नसतो त्यामुळं तिथं वाढत नाही, मरतं, पण मेलेल्या शेवाळावर बॅक्टेरिया पोसतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरतो. आमच्या वरच्या तुकड्यातल्या शेवटच्या सरीला पाणीच पोचत नव्हतं, नळीचं टोक सोडलं तर आधी काळपट हिरवा गाळ आला, मग नुसती हवा, मग कुठं पाणी. तिथला खोडवा बाकीच्या उसापेक्षा गुडघाभर मागं होता, ते बघून फार वाईट वाटलं.

आता फिल्टर. टाकीत वाळू असते, साधी नदीची गोल वाळू नाही, फोडलेली धारदार सिलिका. शेवाळ वरच्या थरातच नाही तर वाळूत खोलवर अडकतं म्हणून हा जाळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतो. जोडणी मोटर, सँड फिल्टर, मग व्हेंचुरी (पाण्याबरोबर खत ओढून घेणारी जोडणी) आणि शेवटी 130 मायक्रॉनचा डिस्क फिल्टर अशी करून घ्या, फिटर उलटसुलट करायला लागला तर थांबवा त्याला. आत-बाहेरच्या प्रेशर गेजमध्ये अर्धा किलो प्रेशरचा फरक दिसायला लागला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. पहिल्यांदा व्हॉल्व फिरवला तर पालकाच्या रसासारखं दाट हिरवं पाणी बाहेर पडलं, हळूहळू पिवळट झालं आणि मग नितळ. हे पाणी परत नदीत सोडू नका, बांधाच्या आत रानातच जिरवा, त्यातलं नत्र-स्फुरद आपलंच आहे.

तक्रार एकच, सोबत आलेले गेज हलके आहेत, काटा अडकतो. काटाच खोटा बोलला तर बॅकवॉश कधी करायचा ते कळणार कसं? चांगले गेज वेगळे घेऊन बसवले. दुकानदारानं मात्र फिटर वेळेवर पाठवला आणि पोरानं नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल समाधान आहे.

आता महत्त्वाचं. दुसऱ्या एका दुकानात फिल्टरची चौकशी केली तर "एवढा खर्च कशाला, तळ्यात मोरचूद टाका" म्हणाले, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. कृपा करून असं करू नका, खास करून जनावरं त्या पाण्यावर असतील तर. हिरव्या साईसारखा तवंग धरणारं जे निळं-हिरवं शेवाळ असतंय, मायक्रोसिस्टिससारखं, त्याच्या पेशीत विष असू शकतं आणि मोरचुदानं पेशी फुटली की ते सगळं एकदम पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर 1979 साली पिण्याच्या धरणात शेवाळावर मोरचूद मारलं आणि त्यानंतर 140 हून जास्त माणसं आजारी पडली, त्यात बहुतेक लहान पोरं. हे विष उकळूनही जात नाही आणि आपला सँड फिल्टर तर ते अजिबात काढत नाही. हा फिल्टर ड्रिपसाठी आहे, पिण्यासाठी नाही, तवंग दिसला की गुरांना बोअरचंच पाणी दाखवा.

आणि शेवाळ एका पाण्यातनं दुसऱ्या पाण्यात आपणच नेतो. नदीतला फूटव्हॉल्व (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तोंडाचा जाळीचा व्हॉल्व), सक्शन पाईप, माशाची जाळी ओली-ओलीच शेततळ्यात टाकतो. न्यूझीलंडमध्ये 2004 ला डिडिमो नावाचं बाहेरचं शेवाळ सापडलं, एका थेंबातनं पसरेल असं. ते थंड आणि स्वच्छ नदीतलं, आपल्याकडचं वेगळं, पण त्यांनी लोकांना लावलेली शिस्त आपल्यालाही लागू पडते, सामान बघा, धुवा, पूर्ण वाळवा आणि वाळल्यावरही आणखी 48 तास थांबा. जूनला पुराच्या भीतीनं मोटारी वर काढतोच की आपण, तेव्हाच फूटव्हॉल्व घासून उन्हात टाकायचा. शेजाऱ्याचा पाईप मागून आणला तरी तसंच.

फूटव्हॉल्व तळाला टेकवू नका आणि अगदी वरही ठेवू नका, तवंग वर असतो आणि गाळ खाली. रिकामा कॅन बांधून दोन-तीन फूट खाली लोंबता ठेवला तर फिल्टरवरचा भार निम्म्यावर येतो असा माझा अनुभव.

फिल्टरला पाचपैकी साडेचार, अर्धा गेजमुळं कापला. मोटारीचा डिस्चार्ज, म्हणजे ती किती पाणी फेकते ते, मोजून घेऊनच साईज ठरवा, दुकानात जे शिल्लक असेल ते गळ्यात मारून घेऊ नका. कुणाला जोडणीचे फोटो पाहिजे असतील तर सांगा, टाकतो.