पिकअपसाठी विंच: १२,००० पौंडांचा मोह आणि ९,५०० पौंडांची कामगिरी

चिखलात, वाळूत आणि दगडगोट्यांच्या वाटेवर नियमितपणे उतरणाऱ्या एका मध्यम आकाराच्या पिकअपवर दोन वेगवेगळ्या विद्युत विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने खेचून बाहेर काढणारी यंत्रे, बसवून वापरण्याची संधी मिळाली. पहिली १२,००० पौंड खेचण्याच्या क्षमतेची, पोलादी दोराची आणि तुलनेने बरीच स्वस्त होती; दुसरी ९,५०० पौंडांची, सिंथेटिक दोराची आणि महाग. कागदावर पहिली वरचढ दिसते, परंतु प्रत्यक्ष कामात दुसरीच उजवी ठरली. त्याची कारणे विंच घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतील असे वाटते.

क्षमतेचा सर्वमान्य ठोकताळा असा की, सामान व प्रवाशांसह गाडीचे जे पूर्ण वजन भरेल त्याच्या किमान दीडपट खेचण्याची ताकद विंचमध्ये असावी. आमची पिकअप पूर्ण भरल्यावर सुमारे २,८५० किलो भरते. त्याच्या दीडपट म्हणजे ४,२७५ किलो. ९,५०० पौंड म्हणजे जवळपास ४,३०० किलो, म्हणजे हिशेब जेमतेम का होईना, पण बसतो. वजन मोजताना मात्र कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या गाडीचे घेऊ नये. छतावरचा कॅरिअर, जादा टाकी, लोखंडी बंपर आणि खुद्द विंच हे सगळे त्यात धरावे लागते.

खोक्यावर ठळकपणे छापलेली क्षमता ही ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रिळावर, दोराचा केवळ पहिला थर असतानाची असते, ही गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. दोराचे थर एकावर एक चढतात तसा ड्रमचा परिणामी व्यास वाढतो आणि मोटरची पिळण्याची ताकद तेवढीच राहिल्यामुळे खेच कमी होत जाते. चौथ्या थरावर ती बहुतेक विंचमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास उरते. दोर बांधायचे झाड पाच-सहा मीटरवर असेल आणि बहुतेक दोर ड्रमवरच गुंडाळलेला असेल, तर ९,५०० पौंडांची विंच साधारण सव्वासहा हजारांची होऊन बसते. म्हणून चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात थरानुसार खेच, दोराचा वेग आणि मोटर घेत असलेला करंट यांचा तक्ता दिलेला असतो. आमच्या महाग विंचबरोबर तो होता. स्वस्त विंचच्या पुस्तिकेत पहिल्या थराची एकच ओळ होती. तक्ता नसेल तर ती विंच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जवळचा आधार असताना यावर उत्तम उपाय म्हणजे स्नॅच ब्लॉक, अर्थात बाजूने उघडून दोर घालता येणारी कप्पी. झाडाला रुंद पट्टा बांधून त्यात ब्लॉक अडकवावा आणि दोर फिरवून परत गाडीच्या हुकाला आणावा. खेच जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि दोर जास्त सोडावा लागल्यामुळे ड्रमवरचे थरही कमी होतात. पूर्ण सोडतानाही पोलादी दोराचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहू द्यावेत, कारण भार वेढ्यांच्या घर्षणावर असतो, टोकाच्या स्क्रूवर नव्हे.

दोन्ही विंचच्या मोटरची अश्वशक्ती जवळपास सारखीच होती. १२,००० पौंडांचा आकडा मुख्यतः गिअरच्या गुणोत्तरातून आलेला होता: तिथे २६५:१, तर ९,५०० पौंडांच्या विंचमध्ये २१८:१. त्यामुळे मोठी विंच संथ चालते, तेवढेच अंतर कापायला अधिक वेळ घेते आणि तितका वेळ मोटर तापत राहते. पूर्ण भाराखाली १२ व्होल्टची अशी मोटर ४०० अँपिअरच्या पुढे जाते. इंजिन चालू असले तरी अल्टरनेटर त्याचा लहानसा हिस्साच पुरवतो आणि उरलेला भार बॅटरीवर येतो. मोटरचा आवाज खर्जात उतरू लागला आणि हेडलाइट मंदावले की थांबायला हवे. स्वस्त विंचबरोबर आलेल्या केबल इतक्या बारीक होत्या की मिनिटभराच्या जोरदार खेचीनंतर बॅटरीजवळच्या टोकाला बोट टेकवत नव्हते. तिथे वाया जाणारे व्होल्टेज मोटरपर्यंत पोहोचतच नाही.

दोराची निवड ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. पोलादी दोर घासटीला आणि उन्हाला दाद देत नाही, पण त्याच्या तुटलेल्या तारा हातमोज्यातूनही टोचतात आणि ताणाखाली तुटल्यास तो चाबकासारखा उलटतो. सिंथेटिक दोर वजनाने अगदी हलका असतो आणि तुटला तरी त्यात साठलेली ऊर्जा कमी असते. मात्र तीक्ष्ण दगड, वाळू आणि ऊन यांनी तो झिजतो. त्याचा खरा शत्रू उष्णता आहे. बहुतेक प्लॅनेटरी (ग्रहमालेसारख्या गिअररचनेच्या) विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो, त्यामुळे भार असताना मोटरने दोर उलटा सोडत राहिल्यास ड्रम तापतो आणि दोराचा आतला थर कमकुवत होतो. १९७४ साली आलेल्या वॉर्न या अमेरिकी कंपनीच्या ८२७४ या विंचचा ब्रेक ड्रमबाहेर आहे. तिचा दबदबा आजही टिकून राहण्यामागे हेही एक कारण असावे. आमच्या ९,५०० पौंडांच्या विंचचा ब्रेक आतच आहे. म्हणून उतारावर गाडी सोडताना थोडे सोडून थांबायची सवय लावून घ्यावी लागली.

विंचसमोर दोराला दिशा देणारी चौकट म्हणजे फेअरलीड. पोलादी दोराला फिरत्या रुळांचा रोलर फेअरलीड आणि सिंथेटिकला गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉझ फेअरलीड, ही जोडी बदलू नये. आधी पोलादी दोर वापरलेल्या फेअरलीडच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तो सिंथेटिक दोराखाली ठेवू नये.

बसवण्याबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. या वर्गातील विंचच्या चार बोल्टांची जागा साधारणपणे २५४ बाय ११४ मिलिमीटर अशी ठरलेली असते. विंचचा बंपर मात्र थेट चॅसिसला जोडलेला हवा, त्याने रेडिएटरची हवा अडता कामा नये आणि एअरबॅगच्या सेन्सरशी त्याचा मेळ बसतो का हे आधी तपासावे. पोलादी दोराची विंच आणि बंपर मिळून पुढचे स्प्रिंग खाली बसल्याचे आम्हाला स्पष्ट दिसले. सिंथेटिक दोराने त्यातला काही भार उतरला.

महाग विंचबद्दलही तक्रार आहेच. वायरलेस रिमोट सोयीचा असला तरी त्याच्याबरोबर दिलेली वायरची जोडणी आखूड असल्यामुळे ती लावून वापरताना दोराच्या रेषेबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहता येत नाही. दोर कारखान्यातून सैल गुंडाळून आला होता. तसाच वापरला असता तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसला असता. सपाट जागी हलका ब्रेक लावलेली गाडीच ओढून तो ताणासह पुन्हा गुंडाळावा लागला. बॅटरी तोडणारा आयसोलेटर स्विचही सोबत नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला. एवढी किंमत मोजल्यावर तो खोक्यातच असायला हवा होता.