प्रश्नावली की मुलाखत?

अमळनेरची एम.ए.ची एक विद्यार्थिनी विचारते : कापूस उत्पादकांच्या ताणावर प्रबंध आहे, छापील प्रश्नावली वाटू की घरोघरी मुलाखती घेऊ?

विश्वसनीयतेत, म्हणजे पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर येण्यात, प्रश्नावली पुढे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, काढता येतो; साधारण ०.७०च्या वर आला की चालतो. मुलाखतीत दोघांनी उत्तरांचं स्वतंत्रपणे वर्गीकरण करून कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांचं वर्गीकरण किती जुळतं याचा आकडा, तपासावा लागतो. मेहनत दुप्पट.

वैधतेत, म्हणजे जे मोजायचं तेच मोजण्यात, मुलाखत सरस. घरात अहिराणी बोलणारा शेतकरी पुस्तकी विधानांपुढे 'सहमत'वर खुणा करून मोकळा होतो. अल्फा छान येईल, पण मोजलं काय? ओट्यावर बसलीस की बोंडअळी, भाव, मुलीचं लग्न, सगळं आपसूक निघतं.

नैतिकतेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. निनावी कागदावर तिथे खूण दिसली तर माणूस शोधणार कसा? मुलाखतीत तिथेच थांबता येतं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक देता येतो. मात्र ओट्यावर शेजारीही ऐकत असतात, म्हणून जागा आडोशाची हवी. आणि सरपंचांना सोबत नेऊ नकोस. त्यांच्यासमोर नकार देणं जड जातं, मग ती संमती कसली?

तालुक्यांची तुलना किंवा मोठा नमुना हवा असेल तर प्रश्नावली घे, पण आधी अहिराणी भाषकांवर पूर्वचाचणी कर आणि प्रत्येक प्रतीवर मदतीचा क्रमांक छाप. ताण नेमका कशातून येतो हे शोधायचं असेल तर थोड्याच, पण निवांत मुलाखती.